अर्पिताच्या नावाचं तिकीट

२४ ऑगस्ट

काल तान्हा पोळा झाला, सोडतही झाली. आज सकाळी पोलीस ठाण्यातून माणूस येऊन नोटीस देऊन गेला. कूपन विकून बक्षीस वाटणं म्हणजे लॉटरी, आणि लॉटरी काढायचा अधिकार सरकारचा. पुढच्या वर्षी काढलीत तर गुन्हा दाखल होईल. कुणीतरी अर्ज केलाय म्हणे. कुणी केला ते शोधायला नेरमध्ये फार हिंडावं लागत नाही. दुसऱ्याचं चांगलं चाललेलं ज्याला बघवत नाही, असा एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत आहे.

घरात मी एकटी. बोलायचं कुणाजवळ, म्हणून ही दैनंदिनी. निदान ही मध्येच तोंड उघडत नाही.

आमची शाळा कर्णबधिर मुलींची. निवासी आणि बिनअनुदानित. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. डाळ-तांदूळ, शिक्षिकांचे पगार, स्वयंपाक आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या बेबीताईचा पगार, सगळं या एका सोडतीवर चालतं. सोडत बंद झाली की वसतिगृह बंद, आणि वसतिगृह बंद झालं की पोरी घरी. घरी काय होतं ते मी पाहिलंय. आईबाप वाईट नसतात. जेवायला वाढतात, सणाला कपडे घेतात. पण दिवसभर तिच्याशी कुणी बोलत नाही, कारण कुणाला तिची भाषाच येत नाही. अर्पिता आली तेव्हा सात वर्षांची होती. आपल्याला नाव आहे हेच तिला माहीत नव्हतं. आज बारा वर्षांची पोर माझ्याशी हातांनी हुज्जत घालते, मराठी बोलणाऱ्याचे ओठही थोडेफार वाचते.

सोडतीत कूपनांच्या रांजणात हात घालते तीही अर्पिताच. डोळ्यांवर रुमाल बांधून. लोकांचा त्या हातावर भरवसा आहे. डोळे बांधलेल्या दुसऱ्या एखाद्या पोराला कुणी कानात सांगू शकेल, हिला कोण काय सांगणार? म्हणून खेड्यापाड्यांत आमच्या सोडतीला 'बहिऱ्या पोरींची सोडत' म्हणतात आणि न विचारता कूपनं घेतात.

लोकांची एकच खोड माझ्या डोक्यात जाते. कूपनावर स्वतःचं नाव लिहीत नाहीत. म्हणे नशीब आपलं नसतं, दुसऱ्याच्या नावानं येतं. कुणी सासरी गेलेल्या लेकीचं नाव घालतो, कुणी नातवाचं, कुणी मरीमायचं. काल दुसरं बक्षीस, फवारणी पंप, 'पवळ्या' या नावाला लागलं. पवळ्या म्हणजे बैल. तो कुणाचा, यावर अर्धा तास वाद झाला, कारण निम्म्या तालुक्याच्या गोठ्यात पवळ्या आहे. शेवटी बेबीताईनं कूपनाचा नंबर पाहून सांगितलं की हे म्या उकंडाभाऊले विकलं होतं, अन् पंप त्याच्याच घरी जाईन. सगळे हसले. मला हसू आलं नाही. आयुष्यभर पोरींना शिकवलं की नाव म्हणजे काय, आणि यांचा हा पोरखेळ.

७ सप्टेंबर

संस्थेची सभा. अध्यक्ष सदाशिवराव नेहमीप्रमाणे पेंगले. शाळेला जागा त्यांनी दिली, त्यामुळे झोपायचा हक्क त्यांच्याकडे आहे. जागे झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही अर्ज लिहा. तुमच्यासारखं लिहिणारं तालुक्यात कोनी नाही." म्हणजे काम माझ्या गळ्यात.

पण आज एक चांगलं झालं. रजत नावाचा नागपूरचा मुलगा भेटायला आला. संस्थांसाठी फोनवरून तिकीटविक्री चालवणाऱ्या कंपनीत आहे. त्यानं सांगितलं की कायदा बदलायची हालचाल चालू आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना ऑनलाइन सोडतीची परवानगी मिळावी म्हणून काही संस्था एकत्र आल्या आहेत, पण त्यांच्याकडे बोलणारं माणूस नाही. "मॅडम, तुमच्यासारखी भाषा आमच्याकडे कुणाचीच नाही," म्हणाला. खुशामत कळते मला. तरी बरं वाटलं.

१४ डिसेंबर

नागपूरहून आत्ताच परतले. अधिवेशन चालू असताना आमदारांना भेटायचं ठरलं होतं. रजत म्हणाला, सोबत एखादी मुलगी घ्या, निवेदन कुणी वाचत नाही. अर्पिताला नेलं. तिचे वडील हरिसिंग आडे तांडा ते नेर काळीपिवळी चालवतात. त्यांनीच आपल्या जीपमधून नेलं, डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. माणूस चांगला. दर रविवारी शाळेत येऊन पोरीजवळ बसतो. तिच्याकडून दहा-वीस खुणा शिकलाय, त्याही मोडक्यातोडक्या. भाकर, पाणी, शाळा, घर.

अर्पितानं सहा-सात जणांपुढे हातांनी सांगितलं, मला शिकायचं आहे. मी त्याचं मराठी करून सांगितलं. एका साहेबांनी तिच्यासोबत फोटो काढला, दुसऱ्यांनी तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. पाचव्या वेळी ती हात खाली घालून उभी राहिली. मग मीच बोलले.

परत येताना तिनं मला विचारलं, मला सगळ्यांना तेच का सांगायला लावलं, पहिल्याला कळलं नाही का? म्हटलं, मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तिला पटलेलं दिसलं नाही.

१८ जानेवारी

नव्या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या समितीची आज बैठक. समिती मुंबईत, आम्ही यवतमाळात पडद्यासमोर. बाकीच्या संस्थांचे लोक रडगाणं गात होते. मी मुद्द्यावर आले. म्हटलं, फसवणूक होऊ नये असं वाटत असेल तर एक अट घाला. तिकिटावरचं नाव विजेत्याच्या आधार कार्डावरील नावाशी जुळलं पाहिजे, न जुळल्यास बक्षीस रद्द समजावं. आणि अठरा वर्षांखालील कुणाच्या नावे तिकीट नसावं.

पडद्यावरचे मुख्य अधिकारी पुढे झुकले. म्हणाले, "बाई, हे जसंच्या तसं लिहून पाठवा. इतकं स्वच्छ मराठी आमच्या खात्यात कुणी लिहीत नाही." बाकीचे माझ्याकडे बघत राहिले.

येताना स्वतःसाठी पावशेर पेढे घेतले. बैलाच्या नावानं पंप लागायचे दिवस गेले.

११ एप्रिल

कायदा झाला. रजतनं नियम पाठवले. माझं वाक्य जसंच्या तसं आहे, एका शब्दाचाही फरक नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. माझं वाक्य छापून आलेलं हे पहिलंच. सदाशिवरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं हाय, पन जरा कडक हाय." म्हटलं, कायदा म्हणजे काय बासुंदी आहे?

कागदाची कूपनं आता पूर्ण बंद, कुणालाच विकता येणार नाहीत. येताना नवा कायदा तेवढं दार लावून आला. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण जुनं नको म्हणूनच नवं मागितलं, तर तक्रार कशाची करायची.

९ जून

रजतच्या कंपनीनं पहिलं बक्षीस म्हणून नवीकोरी जीप दिली. पांढरी, समोर लाल रिबीन. लोकांनी बघावी म्हणून ती सोडतीपर्यंत शाळेच्या आवारात राहणार आहे. पोरी दिवसभर तिच्याभोवती. अर्पिता स्टिअरिंगवर बसून वडिलांसारखी कोपर खिडकीबाहेर काढते, तिला खाली उतरवताना बेबीताईची दमछाक होते.

हरिसिंगही रविवारी आला होता. जीपला हात लावला नाही. लांबूनच चक्कर मारली आणि टायर पाहिले. "मायी गाडी आता चढावर दम टाकते जी," एवढंच बोलला.

२२ जून

विक्री सुरू. सकाळपासून फोन, माणसं, गोंधळ. तिकीट घेताना नाव आणि मोबाईल नंबर टाकायचा, झालं. आधार तिथे विचारत नाहीत. रजत म्हणतो, घेतानाच विचारलं तर निम्मे लोक परत जातील, ज्याला लागेल त्याचंच तपासू. व्यवहाराचं बोलला.

त्यातच बेबीताई आली. गेली कित्येक वर्षं हीच गावोगाव कूपनं विकते, आता लोकांच्या फोनवर तिकीट काढून द्यायचं कामही तिच्याकडेच. म्हणाली, "मॅडम, फोनमंधी नाव टाका म्हनते. लोकं विचारून राह्यले, लेकीबाळीचं टाकलं त चालते काय?" मी तेव्हा रजतशी फोनवर बोलत होते. म्हटलं, "टाका हो काहीही, आधी विक्री तर होऊ द्या." ती गेली. माणसाला एका वेळी एक काम करू द्यायचं नाही असा या बाईचा नेमच आहे.

३ ऑगस्ट

विक्री कागदी कूपनांपेक्षा कितीतरी जास्त झाली. वसतिगृहाचं वर्ष निघालं. छपराचे पत्रेसुद्धा बदलता येतील. सदाशिवराव सभेत पूर्ण वेळ जागे होते.

बेबीताईचं रडगाणं चालूच. "लोकं म्हनतात, पोरगी हात घालनार नाही त चिठ्ठी काढनार कोन?" म्हटलं, संगणक काढेल. "अन् त्याले कोनी सांगितलं त?" म्हणाली. आता हिला काय समजावणार, पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, तुमचं काम करा.

११ सप्टेंबर

आज तान्हा पोळा आणि सोडत. मुलं लाकडी बैल घेऊन आवारात आली होती, आसपासचे लोक दाटीनं उभे. रजतनं टेबलावर एक मोठं लाल बटण ठेवलं आणि अर्पिताच्या डोळ्यांवर रुमाल बांधायला सांगितला. मी हळूच विचारलं, हे बटण दाबल्यावर सोडत होते का? म्हणाला, "सोडत सकाळीच झाली मॅडम, हे फोटोपुरतं." एवढी माणसं, एवढा थाट, तिथे बोलून काय करायचं?

अर्पितानं बटण दाबलं. पडद्यावर नाव आलं: अर्पिता हरिसिंग आडे.

लोक एकदम ओरडले. तिनं रुमाल काढला, पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं सांगितलं, तुझंच. हरिसिंग गर्दीत मागे उभा होता. त्याला पुढे ढकलत आणावं लागलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता, पोरीकडे बघत होता. म्हणाला, "छोरीच्या नावानं घेतलं होतं जी. मायं नशीब मले मालूम हाय, म्हनून तिच्या नावानं."

तांड्यावरचे लोक नाचले. हरिसिंगनं तिथेच जाहीर केलं की नव्या गाडीतून शाळेच्या पोरींना ने-आण करायचे पैसे तो कधी घेणार नाही. सगळ्यांना गूळ वाटला. मीही खाल्ला, आणि आनंद खरा होता. तो जीपजवळ गेला आणि आज पहिल्यांदा त्यानं तिला हात लावला.

घरी येऊन चहा टाकल्यावर माझ्या डोक्यात आलं. नाव. वय. दोन्ही.

१२ सप्टेंबर

सकाळी रजतला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मीही तेच सांगणार होतो. तिकीट वडिलांच्या पैशाचं, नाव मुलीचं, आणि मुलगी तेरा वर्षांची. नियमात बसत नाही. नियम तर तुम्हाला पाठ आहे." हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

विचारलं, मग जीप? "रद्द झालेलं बक्षीस कंपनीच्या पुढच्या सोडतीत."

म्हटलं, काही मार्ग असेल. "नियम फार पक्का लिहिलाय मॅडम," तो म्हणाला.

१५ सप्टेंबर

जीप नेली. रिबीन तशीच. ड्रायव्हरनं गाडी फाटकातून बाहेर काढली तेव्हा पोरी टाळ्या वाजवत मागे धावल्या. त्यांना वाटलं अर्पिताच्या घरी चाललीय.

हरिसिंगला मी ऑफिसात बोलावून सांगितलं. शांतपणे, समजेल असं. नाव आधारशी जुळत नाही, मुलगी लहान आहे, सरकारचा नियम आहे. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पन मॅडम, तिचं नाव तुमीच त ठेवलं वहीत. आम्ही त घरी छोरीच म्हनत होतो. तुमी म्हनले, हे अर्पिता. मंग ते नाव खोटं कसं काय?"

खोटं नाही, तुमचं नाही एवढंच, असं म्हटलं. तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "पोरगी मायी हाय त नाव मायं नाही?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते त्याला सांगून काय उपयोग.

बेबीताईवर मी खूप चिडले. तिकीट काढून देताना हिनं लोकांना नीट सांगायला नको? ती म्हणाली, "म्या तुमाले इचारलं होतं." मी म्हटलं, मला काही आठवत नाही. खरंच, त्या दिवशी दहा माणसं दहा गोष्टी विचारत होती. ती वाद न घालता कणीक मळायला गेली. असं गप्प राहणारं माणूस मला सगळ्यात जास्त छळतं.

२० सप्टेंबर

गावात काय काय ऐकू येतंय. गाडी फक्त दाखवायची होती, द्यायची नव्हती. मॅडमनं गाडी विकली. पोरीनं स्वतःच बटण दाबून स्वतःचं नाव काढलं म्हणून सरकारनं पकडलं. या पोरीच्या हातावर पंचक्रोशीचा भरवसा होता, आणि ज्या बटणाच्या मागे काहीच नव्हतं त्या बटणानं तिला चोर ठरवलं.

ते बटण मी ठेवलं नव्हतं.

अर्पितानं विचारलं, मी चुकीचं दाबलं का? सांगितलं, नाही. मग गाडी का नेली? म्हटलं, नियम. ही खूण मीच तिला शिकवली आहे, तळहातावर उभा तळहात, ठाम. ती खूण तिनं तशीच मला करून दाखवली आणि पुढे विचारलं, कुणाचा?

म्हटलं, सरकारचा.

२९ सप्टेंबर

सदाशिवराव घरी आले. बसायला सांगितलं तरी उभेच राहिले, म्हणजे काहीतरी मनात. म्हणाले, "बाई, तांड्यावरचे लोक म्हनतात, पोरी वापस नेतो. हरिसिंग त्याहिले थांबवून राह्यला. तो म्हनते, मॅडम सरकारले सांगन, मॅडमचं वजन हाय." मग घसा खाकरला. "तुमी काहीतरी करा. त्याले घेऊन जा साहेबाकडे."

समितीचे तेच मुख्य अधिकारी पुढच्या आठवड्यात यवतमाळला येणार आहेत, नव्या कायद्याचा आढावा घ्यायला आणि संस्थांचा सत्कार करायला. माझाही सत्कार आहे. मी ठरवलं, हरिसिंगला आणि अर्पिताला घेऊन जायचं. साहेब मला ओळखतात. एकदा खास बाब म्हणून करतील. तसा शब्द सरकारी कागदांत असतो, मी वाचलाय.

सदाशिवरावांना विचारलं, अट कुणी सुचवली ते हरिसिंगला माहीत आहे का? ते म्हणाले, "माया तोंडून नाही गेलं." एवढं बोलून त्यांनी चप्पल घातली.

त्याला कळायची गरजही नाही. अट चुकीची नाही. चूक असलीच तर ती न वाचणाऱ्यांची.

६ ऑक्टोबर

यवतमाळहून परत आले. लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

हरिसिंगच्या जुन्या जीपमधूनच गेलो. लाडखेडच्या पुढे चढावर गाडी खरंच दम टाकते. अर्पिताला त्यानं नवा ड्रेस घातला होता आणि स्वतः धुतलेला पांढरा शर्ट. रस्ताभर तो तिला आरशातून खुणा करत होता: साहेब, गाडी, चांगलं. मला म्हणाला, "मॅडम, गाडी नाही भेटली त नाही. पन छोरीवर चोरीचं नाव लागलं, ते मिटलं पायजे. साहेबाच्या तोंडून एक डाव निघालं, का पोरीची चूक नव्हती, त मी तांड्यावर सांगतो." म्हटलं, निघेल.

सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मग साहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. समोर खुर्च्या तीन होत्या. अर्पिता साहेबांच्या अगदी समोर बसली, हरिसिंग बसायला सांगूनही दाराशी उभा राहिला. मी प्रकरण मांडलं. मुद्देसूद मांडलं. म्हटलं, या कुटुंबाचा हेतू फसवणुकीचा नव्हता, इथल्या लोकांची लेकीच्या नावानं घ्यायची रीत आहे, तेव्हा खास बाब म्हणून विचार व्हावा. ज्या रिवाजावर मी वर्षानुवर्षं दात-ओठ खाल्ले, त्याची वकिली करताना माझी जीभ कुठेच अडखळली नाही.

साहेब ऐकत होते. मग हसले, अगदी आपुलकीनं. म्हणाले, "सत्यशीलाबाई, तुम्ही हे म्हणताय? ही अट तर तुमचीच. आम्ही तुमचा एक शब्दसुद्धा बदलला नाही. तुम्हीच नाही का सांगितलं, लोक लेकीच्या नावानं, बैलाच्या नावानं घेतात, ते बंद झालं पाहिजे?"

मी म्हटलं, हो, पण.

"मग आता मी त्यात फट कशी पाडू? उद्या सगळेच येतील." त्यांनी हात जोडले, आणि अर्पिताला टेबलावरचं एक पेन दिलं. तिनं घेतलं नाही. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. बोलणं संपल्यावरही बघत होती.

व्हरांड्यात हरिसिंगनं मला विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

"मॅडम, तुमाले मालूम होतं?"

म्हटलं, "हरिसिंगभाऊ, कायदा एकासाठी नसतो. सगळ्यांच्या भल्यासाठी..."

"तसं नाही जी. म्या तिकीट घेतलं तवा तुमाले मालूम होतं का, का हे चालत नाही म्हनून?"

मी म्हटलं, बेबीताईनं सांगायला हवं होतं.

त्यानं मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. "मी लोकाइले सांगत फिरलो, का मॅडम सरकारशी भांडन. त्याहिले काय सांगू आता?" मग म्हणाला, "छोरीची पेटी आजच भरून द्या."

म्हटलं, दिवाळीची सुट्टी अजून लांब आहे. घरी तिच्याशी कोण बोलणार? तुम्हाला दहा-वीस खुणा येतात.

"त्या खोट्या त नाहीत," तो म्हणाला, आणि जीपकडे गेला.

मी चिडले. अजूनही चिडलेली आहे. हा माणूस एका गाडीपायी पोरीची भाषा काढून घेतोय. सहा वर्षं मी जे हातात दिलं ते सहा महिन्यांत विसरेल. तांड्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत ओठ हलताना बघत बसेल. हे त्याला कळत नाही. आणि मला सांगतो खोटं काय न् खरं काय. वसतिगृह कुणी वाचवलं? पत्रे कुणामुळे बदलले? अट बरोबर होती, असं मी अजूनही म्हणते. वाक्य बरोबर होतं.

परतीच्या वाटेवर मी आणि अर्पिता मागच्या सीटवर. हरिसिंग आरशात बघत नव्हता. गाव मागे पडल्यावर तिनं माझा पदर ओढला आणि हातांनी विचारलं, साहेब काय म्हणाले?

मी सांगितलं, साहेब म्हणाले, विचार करू. तुझी चूक नाही म्हणाले.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली, हात थांबल्यावरही. मग तिनं पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, लहान मुलीला विचारावं तसं. साहेब तुमच्याबद्दल काय म्हणाले?

मी म्हटलं, चांगलं म्हणाले.

ती खिडकीकडे तोंड करून बसली. बहिऱ्या पोरीनं तोंड फिरवलं की हाक मारता येत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. मी हात पुढे केला. तिनं खांदा आत घेतला.